दुहेरी तळाच्या पिशव्या

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. पणजोबा उसाच्या कामासाठी बोटीत बसले ते करारावर अंगठा उठवून. आजोबांचाही अंगठा, बाचाही अंगठा. मी पुण्याहून आमच्या बेटावर, प्लेन मान्येन गावी परत आले ती वळणदार सही करणारी. सहीपुढे मी कंसात बी.ए. लिहायची. कुणी विचारलेलं नसलं तरी लिहायची.

परत आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि बेटावर माझ्यासारखे डिग्रीवाले हात चोळत बसले होते. मला सरकारी शाळेत मराठी शिकवायचं होतं. पुण्यात माझ्या बोलण्याला मुली हसायच्या, "हे कुठल्या जमान्यातलं मराठी?" म्हणून विचारायच्या, ते सगळं मी दात आवळून सोसलं होतं ते या एका कामासाठी. राजधानीला, पोर्ट लुईच्या कचेरीत जाऊन नाव नोंदवलं. तिथल्या कारकुनानं माझं नाव यादीच्या तळाशी लिहिलं आणि म्हणाला, "कळवू." ते कळवणं पाच वर्षं चाललं.

तोवर मी घरी. घरी म्हणजे वरांड्यात, आईच्या शेजारी.

आई वाकव्याच्या पिशव्या विणायची. वाकवा हे केवड्याच्या जातीचं झाड. पानाच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला करवतीसारखे काटे. पान कापायचं, काटे सोलायचे, उन्हात वाळवायचं, सुरीच्या पाठीनं घासून मऊ करायचं आणि मग सारख्या रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या. चटई विणतात तशी त्या पट्ट्यांची पिशवी विणायची. बाजाराला निघालेल्या प्रत्येक बाईच्या हातात तशी पिशवी असायचीच, पण आईची वेगळी ओळखू यायची. तिचा तळ दुहेरी. एक तळ विणायचा, त्यावर दुसरा बसवायचा आणि दोघांच्या कडा एकत्र वळवून बंद करायच्या. भोपळा ठेवा, नारळ ठेवा, ओले मासे ठेवा, तळ झोळ धरत नसे. इतर बायकांना ते वळण जमायचं नाही. आई म्हणायची, "एकेरी तळ म्हंजे जेवणापुरता सोयरा. वजन आलं की पळाला."

माझी काकी, म्हणजे बाच्या धाकट्या भावाची बायको, शेजारीच राहायची आणि विमानतळावर झाडलोट करायची. आईनं विणलेल्या पिशवीत ती जेवणाचा डबा न्यायची. ती पिशवी एका मादामच्या नजरेला पडली. मादामची हॉटेलांमध्ये दोन-तीन दुकानं होती. शंखशिंपले, लाकडाच्या छोट्या नावा, रंगीत कापडं असलं काही विकायची. एका शनिवारी तिची मोटार आमच्या दारात उभी राहिली, पुढच्या सीटवर काकी राणीसारखी बसलेली.

मादाम फ्रेंचमध्ये बोलली, मी फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. आईला त्यातलं बरंचसं कळत होतं, पण ती न कळल्यासारखं करून माझ्याकडे बघत राहिली. लेक कशी बोलते ते बघायचं होतं तिला. मादामला पिशवी आवडली होती, पण तशीच्या तशी नको होती. निम्मी हवी. पट्ट्या बारीक हव्यात. जांभळा आणि हिरवा रंग हवा. वर झाकण, आत कापडाचं अस्तर.

"एवढ्याशा पिशवीत न्यायचं काय?" आईनं मला विचारलं.

"टॉवेल, पुस्तक. समुद्रावर नेतात."

"समुद्रावर जाऊन पुस्तक वाचतात? मग पव्हतात कुठं, घरी?"

काकी खो खो हसली. मादामनं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, आई म्हणते, करू. असं ते सुरू झालं. मी मनात म्हटलं, नोकरीचं पत्र येईपर्यंत. चार महिने, फार तर सहा.

पहिल्या मालातच मादामची तक्रार आली. पिशव्या एकसारख्या नव्हत्या. आता हातानं केलेली वस्तू एकसारखी कशी असेल? पण गिऱ्हाइकाला हातानं केलेली हवी होती आणि एकसारखीही हवी होती. मी बांबूची एक काठी कापून घेतली, तिच्यावर तीन खाचा पाडल्या: उंची, रुंदी, मुठीची लांबी. तोवर गल्लीतल्या आणखी दहा बायका आमच्या वरांड्यात येऊन विणायला लागल्या होत्या. प्रत्येक पिशवीला मी काठी लावायची. बोटभर जरी चुकलं तरी परत. बायका मला 'मीस' म्हणायला लागल्या, शाळेतल्या बाईला म्हणतात तसं. त्यात थोडा मान होता आणि पुष्कळशी टवाळी.

झाडलोटीचं काम सोडून काकीही विणायला बसली होती. तिची पिशवी मी तिसऱ्यांदा परत केली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगो मीस, पिशवी हाय ती, लग्नाचा फ्रॉक न्हाय."

"काकी, दुकानात सगळ्या एका रांगेत मांडतात. एक उंच असली की दिसते."

"मग तिला मागं मांडा. आमच्यात उंच पोरीला फोटोत मागंच उभी करतात. तुला न्हाय का केली?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण पिशवी घेतली नाही. काकीनं ती उसवली. मला तेव्हा वाटायचं, मी यांना काहीतरी शिकवते आहे. शाळेत नाही तर इथे.

याच सुमाराची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. नमुन्याची नवी पिशवी मादामनं तिच्या दुकानात माझ्यासमोर उघडली आणि उलटी केली तर टेबलावर तांदळाचे पाच-सात दाणे पडले आणि हळकुंडाचा एक तुकडा. मादामनं भुवया उंचावल्या. हे काय?

मला ठाऊक होतं हे काय. आई कुणाच्याही हातात नवी पिशवी रिकामी देत नसे. सूप असो, टोपली असो, पिशवी असो, घरातून बाहेर जाताना तिच्यात चार दाणे घालायचे. घेणारी बाई ते आपल्या तांदळाच्या डब्यात टाकायची. आमच्या गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मला मादामला चार वाक्यांत सांगता आलं असतं. माझं फ्रेंच तेवढं नक्कीच होतं. पण मला लाज वाटली. मी दाणे हातानं गोळा केले आणि म्हटलं, "माफ करा. स्वैपाकघरातला कचरा."

घरी येऊन आईला बजावलं, "आये, पिशवीत तांदूळ घालायचा न्हाय आता. मादामला चालत न्हाय."

आईनं पट्टी फाडता फाडता वर न बघता म्हटलं, "बरं."

चार महिन्यांची चार वर्षं झाली. गावातल्या तरण्या मुली स्वेटरच्या कारखान्यात गेल्या. आमच्या वरांड्यात उरल्या त्या चाळिशी ओलांडलेल्या, ज्यांना कारखाना घेत नव्हता. उसाच्या कापणीचे महिने सोडले तर त्यांना दुसरं काम नव्हतं. मादाम बोलायची ती फक्त माझ्याशी. कोणता रंग चालला, कोणता पडून राहिला, पुढच्या मोसमात काय हवं, सगळं मला सांगायची, मी बायकांना सांगायची. मी दोन दिवस तापानं पडले तर वरांड्यातलं काम थांबलं. माप लावायला कुणी नाही. बायका दारातून डोकावून विचारायच्या, "मीस, बरं हाय का?" तो प्रश्न मायेचा होता, मी नाही म्हणत नाही. पण पांघरुणाखाली माझा जीव घुसमटायचा. मला तिथून उठायचं होतं. मला फळ्यासमोर उभं राहायचं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी मी पोर्ट लुईला जाऊन यादीतलं नाव बघून यायची. नाव एकेक पायरी वर सरकत होतं आणि मी त्याच वरांड्यात, त्याच काठीशी.

मग दोन गोष्टी एका महिन्यात आल्या. आधी मादामचं मोठं काम: दोनशे चाळीस पिशव्या, शेजारच्या रेयुनियों बेटावरच्या दुकानासाठी. समुद्रापार जाणारा आमचा पहिला माल. त्याबरोबर एक कागद होता. मालात माती नाही, बी नाही, धान्य नाही, असं कुणीतरी लिहून द्यायचं होतं. मादाम म्हणाली, तुम्हीच द्या, तुम्ही शिकलेल्या आहात. मी सही केली. पुढे कंसात बी.ए. माल बोटीनं गेला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी माझं पत्र आलं. रिव्हिएर दू रांपारच्या शाळेत मराठीची शिक्षिका. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हावं. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, तीन बस बदलून जावं लागेल असं गाव. मला चंद्रावर पाठवलं असतं तरी चाललं असतं. बानं पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, मला परत दिलं आणि म्हणाला, "पुन्हा वाच." मी तीनदा वाचलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. काकी म्हणाली, "आयो! आता खरीच मीस झाली!"

तो मंगळवार. शुक्रवारी मादामची मोटार आली, मागे एक छोटा ट्रक. दोनशे चाळीस पिशव्या परत आल्या होत्या. तिकडच्या बंदरावर तपासनिसाला एका गठ्ठ्यात तांदळातले किडे फिरताना दिसले. त्यानं पिशवीचा तळ कापला. दोन तळांच्या मध्ये तांदूळ होता. दुसरीचा कापला, तिच्यातही होता.

मादामनं आरडाओरडा केला नाही. तो कागद माझ्यासमोर धरला आणि एवढंच म्हणाली, "सही तुमची आहे, माद्म्वाझेल." तीन आठवड्यांत माल स्वच्छ करून द्यायचा. नाही दिला तर ते दुकान गेलंच, आणि तिलाही आमच्याशी पुढे काम करता येणार नाही.

ती गेल्यावर मी आईसमोर बसले. बाकीच्या बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"आये, तळात तांदूळ तू घातलास?"

"घातला."

"मी नको म्हणाले होते ना?"

"पिशवीत नको म्हणालीस. पिशवीत कुठं घातला? तळात हाय."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या तळावर शेवटला हात माझाच फिरतो न्हवं?"

"पण का, आये?"

तेव्हा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "लेकीसुनांच्या घरातनं रिकामी पिशवी परक्या मुलखात धाडायची? माझ्या सासूनं मला हेच शिकवलं, तिला तिच्या सासूनं. एवढं तर तुला ठाऊक हाय. का पुण्याला जाऊन इसरलीस?"

मी विसरले नव्हते, हीच तर अडचण होती. मी त्याला कचरा म्हणाले होते. त्या दिवशी मादामला खरं सांगितलं असतं तर तिनं कागद माझ्यापुढे ठेवताना विचारलं असतं, मी आईला विचारलं असतं. हे मी कुणाला बोलले नाही. इतक्या वर्षांनी इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तळ उसवणं म्हणजे नुसतं कापणं नाही. कडा एकत्र वळवलेल्या असतात. ओढल्या तर पिशवीच्या अंगापर्यंत फाटत जातात. एकेक पट्टी भिजवून सैल करायची, सुईनं उचलायची, दाणे झाडायचे, आत किडा उरला नाही ना ते बघायचं आणि पुन्हा बंद करायचं. तीन आठवडे सगळ्याजणी लागल्या तर जमलं असतं. आणि त्या तीन आठवड्यांच्या मध्येच पहिली तारीख होती.

"तू जा," आई म्हणाली. "आमी उसवू."

"जा बाये, जा," काकी म्हणाली. "पण मादाम आली तर आमी काय बोलू? बोंजूर, आनि मग? आनि तो कागद पुन्हा कोन भरील? माझा अंगठा चालंल का?"

ती चेष्टेत म्हणाली, पण कुणी हसलं नाही. अकराजणी माझ्याकडे बघत होत्या. कुणीही 'राहा' म्हणालं नाही. म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते, आणि भांडून गेलेही असते.

मी पोर्ट लुईला गेले. कारकून तोच. मी एक महिन्याची मुदत मागणारा अर्ज दिला. त्यानं तो वाचला, माझी सही वाचली, आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "लोक इथे लवकर बोलवा म्हणून येतात. उशिरा बोलवा म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्या." मुदत मिळेल का, विचारलं. "कळवू," म्हणाला.

पहिली तारीख आली. त्या सकाळी मी वरांड्यात मांडीवर पिशवी घेऊन सुईनं पट्टी उचलत होते. बा कामावर जायला निघाला, माझ्यापाशी थांबला, मग छत्री घेऊन गेला. तीन आठवड्यांत माल झाला. कागद मी पुन्हा भरला, पुन्हा सही केली. त्याच आठवड्यात कचेरीचं उत्तर आलं: जागा पुढच्या उमेदवाराला दिली आहे, तुमचं नाव नव्यानं नोंदवून यादीच्या शेवटी ठेवलं आहे.

माल पोचवायला गेले तेव्हा मी मादामला शेवटी खरं सांगितलं. रागानं सांगितलं. आमच्यात रिकामी पिशवी देत नाहीत, तो कचरा नव्हता, मी खोटं बोलले होते. मला वाटलं ती चिडेल. तिचे डोळे चमकले.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? हे तर किती सुंदर आहे!"

पंधरा दिवसांत तिचं सगळं ठरलं होतं. प्रत्येक पिशवीत कापडाची एक इवलीशी पुरचुंडी, तिच्यात तांदूळ. बरोबर एक कार्ड: आमच्या बेटावरच्या गावात नवी पिशवी कधी रिकामी देत नाहीत, वगैरे. कार्डाचा मजकूर फ्रेंच आणि इंग्रजीत मी लिहायचा. तपासनिसानं अडवू नये म्हणून तांदूळ आधी कढईत भाजून घ्यायचा. मी मजकूर लिहिला. चांगला लिहिला, मला लिहिता येतं. मादामनं एकही शब्द बदलला नाही.

आईला वाचून दाखवला, मराठीत सांगितला. ती ऐकत राहिली. कढई पुढ्यात होती.

"भाजायचा?"

"होय. म्हणजे किडा लागत न्हाय, उगवत न्हाय."

"भाजलेला दाना कुनाच्या ओटीत घालतात का गो? मेलेला दाना?"

"आये, त्यांना काय कळतंय?"

"त्यांना न्हाय कळत. मला कळतं. तुलाबी कळतं."

तिनं कढई माझ्याकडे सरकवली. मग मांडीवरची अर्धी पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "मी न्हाय बसत आता. तूबी ऊठ. मी न्हाय तर दुहेरी तळ न्हाय, दुहेरी तळ न्हाय तर मादाम न्हाय. सुटशील तरी."

तिनं माझ्यासाठी केलं ते, मला ठाऊक आहे. दार उघडून दिलं तिनं. पण दारातून जायचं कुठे? यादीच्या शेवटी? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायका नेहमीसारख्या आल्या. पाटावर, चटईवर, आपापल्या जागी बसल्या. आईची जागा मोकळी. काकीनं आईच्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीस, तळ कोन बंद करनार?"

मी बी.ए. होते. अर्ज लिहू शकत होते, दोन भाषांत कार्ड लिहू शकत होते, कुणाची पिशवी बोटभर उंच आहे ते नुसत्या नजरेनं सांगू शकत होते. पिशवी मात्र मी आजवर एकही पुरी विणली नव्हती. आईनं कधी विणू दिली नव्हती. पट्टीची धार बोटांना लागते, लिहिणारे हात खराब होतात म्हणायची. लहानपणापासून ती ते वळण करताना मात्र मी रोज बघितलं होतं.

काठी बाजूला ठेवली आणि आईच्या चटईवर बसले. पहिला तळ बसवला, दुसरा त्यावर धरला, कडा वळवायला घेतली. पट्टी तडकली. दुसरी घेतली, तीही तडकली. बायका मान खाली घालून आपापलं विणत होत्या, मुद्दाम बघत नव्हत्या. स्वैपाकघराच्या दारात आई उभी होती. कितीतरी वेळ तशीच उभी होती. तिसरी पट्टी कडेशी आली तेव्हा तिला राहवलं नाही.

"वढू नको एवढी. आधी वल्या फडक्यात दाब. हां. आता अंगठा खाली घाल. खाली गो, खाली."

मी अंगठा खाली घातला.